आवळलेली भारुडं

पालम, ७ फेब्रुवारी १९९४

थोरल्या भावाची भारुडं परभणीत कम्प्युटरवर टाइप करून घेतली. दुकानदारानं ती आवळून, म्हणजे कमी जागेत दाबून, फ्लॉपीत भरली. भावाच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटायची, आणि फ्लॉपी दुसरीकडं कुठं उघडेना! दुकानदार हसला. "काका, आमचं आवळलेलं आमच्याच यंत्रावर सुटतंय. छापायला इथंच या."

भावाचं नाव दोनदा चुकवलं त्यानं, तरी त्याच्याकडंच जायचं? ते हसणं जेवतानाही आठवतं.

आज नांदेडहून जावई आले, मागं नेलेली फ्लॉपी घेऊन. कॉलेजातल्या फुकट प्रोग्रामनं सगळी भारुडं सुटली! "मामा, हा प्रोग्राम कुणालाबी द्या, मनाई न्हाई."

देतोच. उद्या परभणीला जाऊन त्या दुकानदाराच्या समोरच्या कम्प्युटरवाल्याला देतो, आणि त्याच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकं तिकडं वळवतो. हाकललं तर? हाकलू दे. रस्ता काय त्याच्या बापाचा हाय?