उजेड कडेने धरावा

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा निमूट बस आणि वाच.

तुझा जुना लॅपटॉप बिघडल्याचं मी कळवलं होतं. खरं सांग, ऐकून जरा सुटल्यासारखं वाटलं ना? चला, आता रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर बाबांसमोर बुद्धिबळाचा पट मांडून बसायला नको. मी रागावलेले नाही. आजारपणानंतरचा त्यांचा तो गप्प, एका बाजूला ओघळलेला चेहरा बघणं मलाही जड जातं, आणि मी तर शेजारच्या खुर्चीतच असते. शेवटच्या वेळी तू म्हणालास, "ताई, समोर कोणी नसतंच गं. मी कोणाशी बोलू?" तेव्हा मी बाबांच्या मागे उभी होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला सांगता आलं नसतं.

लॅपटॉपचं दुखणं मोठं विचित्र होतं. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पडदा मात्र काळाकुट्ट. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी उभ्या उभ्याच निकाल दिला, जुना झालाय, भंगारात द्या. मी तो घरी आणून टेबलावर ठेवला, तर दुपारची वेळ झाली तशी बाबांची नजर त्याच्यावरून हलेना. मग कसला भंगारात देते! शिवणाच्या क्लासातली मशिनं मी रोज उचकटते, म्हटलं हेही बघू. बॅटरी काढून बटण दाबून धरलं. मागचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, परत बसवली. सुरू होतानाची ती छोटीशी धून वाजली, पण पडदा काळा तो काळाच. फक्त बाबांनी मान वळवली.

आपल्या घरातली दुपार तुला आठवते का रे? पडदे अर्धे ओढले की खोली पाण्याखाली गेल्यासारखी हिरवट होते. बाबांनी घासलेली चष्म्याची भिंगं अजून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवलेली आहेत. ऊन सरकतं तसे त्यांचे गोल कवडसे भिंतीवरून हळूहळू चालत जातात. शिवण मांडीवर तशीच राहते आणि मी त्यांच्याकडे बघत बसते. डोळे जड होतात. मग वाटतं, तू अजून शाळकरी आहेस, आणि तुम्ही दोघं पटावर वाकून बसला आहात. तू घाईघाईत वजीर मरायला सोडायचास, पण बाबा तो मारायचे नाहीत. उचलून होता तिथे परत ठेवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा विचार कर." तू रडकुंडीला यायचास, की बाबा धड हरूही देत नाहीत. मी स्वयंपाकघरातून हसायचे. पंखा घरघरत असतो, कवडसा कपाटापर्यंत पोचलेला असतो आणि मला जाग येते.

अशाच एका दुपारी लॅपटॉपच्या पडद्याला तडाबिडा गेलाय का बघायला मी समोरून टॉर्च मारला. काही दिसेना. तेवढ्यात बाबांचा चांगला हात, डावा, उठला. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांवर उजेड येतोय. पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला वळवलं. भिंगावरचा ओरखडा कसा शोधायचा हे त्यांनी आपल्याला जेवतानासुद्धा ऐकवलंय, उजेड समोरून नाही, कडेने धरावा. मी कडेने धरला. आणि त्या काळ्या पडद्यात, खूप खोलवर, तुमचा पट दिसला. लॅपटॉप सुरू झाला की पट आपोआप उघडावा आणि कोणालाही कुठलीही सोंगटी हलवता यावी, ही सोय तूच करून ठेवली होतीस ना? बिचारा ठणठणीत होता रे. रोज सुरू होत होता, रोज पट मांडून बसत होता. गेला होता तो फक्त पडद्यामागचा दिवा. मी ढसाढसा रडले, तुझ्यापासून काय लपवू.

पण लॅपटॉपची खुशाली कळवायला काही मी एवढं लिहिलेलं नाही. पटावर तुझी शेवटची खेळी तशीच होती. तुझा वजीर बाबांच्या प्याद्याच्या तोंडाशी, उघडा. बुद्धिबळातलं मला फारसं कळत नाही, पण त्यांना जिंकता यावं म्हणून तू तो मुद्दाम सोडलास, एवढं कळतं. ते नुसते बघत राहिले आणि तू समजलास की बाबा संपले. मी टॉर्च धरून होते. त्यांनी डावा हात माऊसवर ठेवला. बाण पटभर भरकटत होता. मला वाटलं, आता घेतात वजीर. त्यांनी घेतला नाही. तो उचलून होता तिथे परत ठेवला, तुझ्या बाजूला, आणि पडद्याकडे बघत बसले, जिथे तुझा चेहरा यायचा तिथे. मी आता लॅपटॉपला वायर लावून जुना टीव्ही जोडलाय, पट चांगला मोठा दिसतो. दुपार टळली तरी ते खुर्चीतून उठायला तयार नसतात. खेळी तुझी आहे, धाकट्या. पुन्हा विचार कर.

तुझीच,
टॉर्च धरून बसलेली ताई