पुलाला लावलेली डबी

राजूर, ६ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस आबाचे अ. आ. व जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याची मी काळजी करत बसतो, म्हणून लिहितो.

नाल्यावरच्या रेल्वेपुलाला तू ती चुंबकाची डबी लावून गेलीस, तेव्हापासून मला झोप नाही. कोळशाची मालगाडी आली की पूल थरथरतो आणि त्याच्यासंगं डबीही. महागाची वस्तू, फुटली तर साहेब तुलाच बोलणार. पण आता निश्चिंत राहा. नाजूक वस्तू बैलगाडीतून न्यायची तर खाली कापूस घालावा, हे आपल्याकडे लेकरालाही ठाऊक. मी डबी काढली, खाली घरचा कापूस घातला आणि सुतळीनं पक्की बांधली. आता पूल हलतो, डबी ढिम्म. तुझी आजी इंदूबाई म्हणते की या बुढ्याले काहून चैन नाही. तिला काय कळतं?

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा आबा,
पंजाबराव

नागपूर, १३ जानेवारी

ती. आबांना अपेक्षाचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला, मग हसले, मग परत हात लावला. आबा, ती डबी पुलाची थरथर मोजायलाच आहे! एवढी भरलेली गाडी जाते आणि पूल हलत कसा नाही, असं साहेब रोज विचारतात. माझी नेमणूक अजून कच्ची आहे. मोजणी मला जमत नाही असं ठरलं, तर ती पक्की व्हायची नाही.

तुम्ही बाजेवर कूस बदलली की बाज हलते आणि हललेली बाज तुम्हालाच धड पडू देत नाही. गाडी आणि पूल तसेच, एकमेकांना हलवतात. एखाद्या वेगाला दोघांचा ताल जुळला, की वेळेवर ढकललेल्या झोक्यासारखी थरथर वाढत जाते. तो वेग कोणता, हे मी गणितानं काढलं आहे; डबीच्या मोजणीशी ते जुळतं का, तेच पाहायचं आहे.

साहेबांना मी खरं सांगितलं. २३ तारखेला ते स्वतः पुलावर येतील. मला दुसरीकडे काम आहे. तुम्ही कृपा करून घरी बसा. आजीलाही तसं कळवलं आहे.

राग नाही, लोभ तेवढाच आहे.

तुमची,
अपेक्षा

राजूर, २४ जानेवारी

चि. अपेक्षा हिस अ. आ.

आजीनं मला पुढच्या दारात बसून अडवलं, म्हणून मी मागच्या दारानं गेलो. साहेबांना म्हणालो की चूक माझी आहे, पोरीची नोकरी घेऊ नका, घ्यायची तर माझी घ्या. ते म्हणाले, की बाबाजी, तुम्हाला नोकरी कुठं आहे? मी म्हणालो, म्हणूनच तर म्हणतो. ते हसले. पण साहेब लोकांच्या हसण्यावरून काही समजत नाही.

कापूस त्यांनी माझ्याच हातून काढून घेतला आणि डबी पहिल्यासारखी चिकटवली. तेवढ्यात मालगाडी आली. साहेबांच्या लॅपटॉपवर निजलेली रेघ उठून अशी नाचू लागली की मी घाबरून साहेबांचा हात धरला. गाडी गेल्यावरही पूल थोडा वेळ थरथरला, मग निवला. साहेब म्हणाले, की आता अपेक्षाचं गणित याच्याशी जुळतं का ते पाहू. जुळलं तर काय, नाही जुळलं तर काय, ते सांगितलंच नाही.

बाई, नोकरी पक्की झाली तर लगेच एक ओळ लिही. नाही झाली तरी लिही, पण मग पाकिटावर आजीचं नाव घाल, म्हणजे ती आधी वाचून मला हळूहळू सांगेल. लवकर धाड.

तुझा आबा