घर आधी मी दाखवलं

३ मार्च, सकाळी ११
तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकला गेला. विकला साडूने. घेतला एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि त्यांच्या पत्नीने. त्यांना ते घर जानेवारीत मी दाखवलं होतं! कुलूप मी उघडलं, पडदे मी सारले, आणि कमिशन साडू घेणार. आयत्या बिळावर नागोबा. या धंद्यात त्याला आणलं कुणी? मीच.
आजपासून साडूचं नाव टाकलं.

३ मार्च, दुपारी
साडूचा फोन. निम्मं तुमचं, निम्मं माझं, दोघी बहिणींत उगाच वितुष्ट नको, म्हणाला. चोर पकडला गेला की निम्मं द्यायला तयार होतोच. ठणकावून सांगितलं की पूर्ण घेईन, नाहीतर एजंट संघटनेत भेटू. बायको म्हणते, घ्या की निम्मं, ऑफिसचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय. तिला तत्त्व कळत नाही. शेवटी माहेरची ओढ.

४ मार्च
एजंट संघटनेचा नियम साधा आहे. ज्याने घर आधी दाखवलं आणि वहीत पार्टीची सही घेतली, कमिशन त्याचं. माझी वही अख्ख्या बाजारात एकमेव. तारीख, वेळ, पार्टीची सही आणि शेवटच्या रकान्यात माझा शेरा. साडूकडे वहीच नाही. पहिल्या घंटेला फोन उचलतो, त्यालाच धंदा समजतो.
वही पाकिटात घालून लाखेने सील केली. सगळ्यांसमोरच फोडणार, म्हणजे खाडाखोडीचा आरोप नको. बायको म्हणाली, आधी एकदा उघडून वाचा तरी. कशाला? सही मला लख्ख आठवते. निळी शाई. हातच्या काकणाला आरसा कशाला!

७ मार्च
साडूच्या मुलीचा वाढदिवस. बहिष्कार टाकायचं पक्कं ठरवलं होतं. पण बहिष्कार आहे हे त्याला कळणार कसं? म्हणून गेलो. कोपऱ्यात बसलो, बोललो नाही. केकचे दोन तुकडे रागात खाल्ले. तिसरा त्याने आपणहून वाढला. कावेबाज माणूस.

९ मार्च
सुडाची पहिली पायरी. साडूच्या ऑफिसच्या बोर्डापुढे स्कूटर आडवी लावली. बोर्ड पूर्ण झाकला. दोन तासांनी ट्रॅफिकवाले स्कूटर उचलून घेऊन गेले. बायकोने परस्पर साडूलाच फोन केला. तो गाडी घेऊन आला, मला चौकीवर सोडलं. रस्ताभर एक शब्द बोललो नाही. फक्त डावीकडे वळायला सांगितलं.

१२ मार्च
परवा सुनावणी. संघटनेच्या झाडून सगळ्या सभासदांना मेसेज टाकला की जरूर या. चार लोकांत नाक कापल्याशिवाय अद्दल घडत नाही. केस कापून आलो. आरशासमोर तीनदा भाषण केलं. तिसऱ्यांदा मलाच साडूची दया आली. ती आवरली.

१४ मार्च, संध्याकाळी ७
सभागृह गच्च. काही उभे. सगळे माझ्याच मेसेजवर आलेले.
घर आधी कुणी दाखवलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट केलं. साडूनेही मान्य केलं. मी लाख फोडली. सही होती. निळीच. मी टाळ्यांसाठी थांबलो.
मग अध्यक्ष म्हणाले, पुढे काहीतरी लिहिलंय, चष्मा विसरलोय, कुणीतरी वाचा. मुख्याध्यापक उठले. शाळेच्या आवाजात, सावकाश, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं वाचलं: ‘पार्टी फुकटी. बाई बादली लावून नळाची धार मोजतात. घेणार नाहीत. फोन उचलू नये.’
अक्षर माझंच. माझं अक्षर सुंदर आहे, हा दोष.
बाईंनी सांगितलं की घर त्याच दिवशी आवडलं होतं. नंतर मला अकरा वेळा फोन केला. एकदाही उचलला नाही. शेवटी इमारतीवरच्या ‘फ्लॅट विकणे आहे’ पाटीवरचा दुसरा नंबर लावला, तो पहिल्याच घंटेला उचलला गेला.
अध्यक्ष म्हणाले की पार्टी सोडल्याचं एजंटनेच स्वहस्ते लिहून ठेवलंय, कमिशन साडूचं. वर म्हणाले, शेऱ्याची पद्धत चांगली आहे, सगळ्यांनी सुरू करावी. लोक खूप हसले. साडू हसला नाही. याचाच जास्त राग आला.

१५ मार्च, सकाळी ९
रात्रभर विचार केला. निम्मं घेणं हेही एक तत्त्वच आहे. ऑफिसचा मालक कुलूप घेऊन येतो म्हणालाय. साडूला फोन लावला. कामात असेल.

१५ मार्च, दुपारी ४
अकरा वेळा लावला.
साडूकडे वही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्याने माझ्या नावापुढे कुठेतरी शेरा लिहिलाय.