बुजवलेल्या खदानीवरची शाळा

बार्शीटाकळी, मंगळवार

ती पहार अजून डोक्यातून जात नाही. शाळेच्या जागेशेजारी भाजी पिकवणाऱ्या गिरजाबाई काल म्हणाल्या, "बाबू, इथं मुरमाची खदान होती. आमीच कचऱ्यानं बुजवली. पोरं काहून बसवता इथं?" पहार मारली, तर हातभर सहज आत गेली. भिंती खचल्या असत्या. जागा मीच पसंत केलेली. रात्रभर एकच विचार: साहेबांना सांगू की गप्प राहू?

आज गोऱ्या इंजिनियर साहेबांना सांगितलंच. त्यांनी स्वतः पहार मारून पाहिली आणि पाया अस्सल मुरमापर्यंत न्यायला सांगितला. रागावले नाहीत! संध्याकाळी दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतक्या, खोलीवर पहारीखाली मुरूम खणखणला. गिरजाबाई खड्ड्यात वाकून बघत म्हणाल्या, "आता माह्या नातीचं नाव लिवा."

मी बांधकामावरचा ओव्हरशियर, मास्तर नव्हे. तरी लिहून घेतलं.