दोन पानांचा कांदा

ती. आबांना आणि आईला,
संयूचा दक्षिण आफ्रिकेतल्या माळावरनं नमस्कार.

मी मजेत हाय. गुडघा जरा खरचटलाय, काळजी करू नका. मटण मिळतंय, फक्त तांबडा रस्सा न्हाय.

आबा, पावसाविना तग धरणारे रानकांदे शोधायला आलोय आम्ही. खडकात एक कांदा दिसला, दोनच पानं, जमिनीला चिकटलेली. आमच्या पीएचडीच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "हा ओळखीचाच आहे." मला पानाच्या कडेची लव वेगळी वाटली. म्हटलं, "फूल येईपर्यंत थांबू या की!" बरोबरची सगळी पोरं हसली.

काल पानांच्या मधोमध फूल उमललं. मॅडमनी पालथं पडून भिंगातनं ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "संयोगिता, तूच बरोबर होतीस. हा कुठल्याच पुस्तकात नाही."

चोर अशी झाडं उपटून विकतात, म्हणून जागा तुम्हालाही सांगत न्हाय.

आईची साखर तपासली का? म्हैस व्याली का?

परवानगी काढून एक फूल कागदावर वाळवलंय. त्याखाली शोधणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. बाकीचे आद्याक्षरं लिहितात. मी मात्र पुरतं लिहिलं: संयोगिता आकाराम चौगुले.

तुमचीच,
संयू