खुब्याचं खापर मोदकांवर

किचनर (कॅनडा),
५ जून

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी वनिताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात सध्या मान आणि हात एवढ्यावरच भागवावं लागतं, कारण खाली गेले तर वर कोण काढणार, असा प्रश्न आहे.) तुमचा मोतीबिंदू निघाला, पेपरातली बारीक अक्षरंही दिसायला लागली, हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल, सूनबाईंना मोठ्याने वाचायला लावणार नाही, अशा भरवशावर लिहिते आहे. फोन केला असता, पण आपले बंधुराज लगेच शेजारी येऊन स्पीकर चालू करतात आणि मग मला तुमच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलता येत नाही.

इकडे सगळं क्षेम आहे. ह्यांचं बीपी ताब्यात आहे, टोमॅटोची रोपं लावून झाली, खारींशी भांडण सुरू झालं. आमची लेक ऊर्मी एक रविवार आड नॉर्थ यॉर्कहून येते, आम्हाला व्यायामाचं महत्त्व सांगते आणि चार डबे भरून परत जाते. माझा उजवा खुबा तेवढा गेला आहे. ही बातमी तुम्हाला ह्यांच्याकडून कळली असेलच, पण ती ह्यांच्या पद्धतीने, म्हणजे एका ओळीत कळली असणार. म्हणून सविस्तर सांगते.

माझं ते पाण्यावरचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आला होतात त्या उन्हाळ्यात तळ्याकाठी खुर्चीवर बसून पाहिलंत, आणि धड सुखात असलेली बाई दोरीला लटकून बोटीमागे का फरफटत जाते, असं विचारलंत. एकच स्की, तिच्यावर दोन्ही पाय पुढेमागे अडकवलेले, समोर बोट पळते आहे, आणि डावीउजवीकडे तरंगणाऱ्या सहा लाल गोळ्यांना बाहेरून वळसे घालत नागमोडी जायचं. वीसेक सेकंदांचा खेळ. चौतिसाव्या वर्षी शिकले, आज बासष्टची आहे. एवढी वर्षं प्रत्येक वळणावर मागच्या पायाचा, म्हणजे उजवा, खुबा पिळला जात होता. तो बिचारा मुकाट्याने सोसत होता आणि मी समजत होते की त्याला मजा येते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये चौथ्या गोळ्याला वळताना खुब्यात अशी कळ आली की दोरी सुटली आणि मी आडवी आपटले. स्की एकीकडे, मी दुसरीकडे, लाइफ जॅकेट असूनही क्षणभर पाण्याखाली. वर आले ती हसतच आले. ऊर्मी बोटीत मागे बसून माझ्यावर लक्ष ठेवायला होती (इथे तसा एक माणूस लागतोच, नियम आहे), ती ओरडली, “मॉम, दॅट वॉज नॉट फनी!” ह्यांनी मला वर ओढून घेतलं, बोट काठाला लावली, इंजिन बंद केलं. ते इंजिन आजतागायत सुरू झालेलं नाही.

त्यानंतर आले गणपती. आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष सुरेखा, तिच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ जणी जमिनीवर मांडी घालून उकडीचे मोदक वळायला बसलो. साडेतीनशे मोदक. कळ्या इतक्या सुरेख पडत होत्या की मी खुबा विसरले, आणि उठायच्या वेळी त्याने आठवण करून दिली. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. आणि इथेच वन्सं, माझ्या डोक्यात पाप शिरलं.

कारण असं की आमच्या डॉक्टरांना मी खरं सांगून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या वयाकडे पाहिलं आणि म्हणाले, मग बंद करा. चार शब्दांचीही गरज पडली नाही त्यांना. आता फिजिओथेरपिस्टही तेच म्हणाली तर? तेव्हा तिच्या फॉर्मवर दुखणं कशाने सुरू झालं, या रकान्यात मी लिहिलं, ‘मोदक’. फिजिओथेरपिस्ट निघाली जाई, आपल्या नागपूरचीच पोर, मंडळात येणारी. तिला मोदक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही हा फायदा झाला, आणि आता मंडळातही मोदकच सांगावे लागणार हा तोटा.

मग हिवाळाभर मी मोदकांवर उपचार घेतले. मांडी घालता यावी म्हणून रबरी पट्टा गुडघ्यांना बांधून कुशीवर पडायचं आणि शिंपल्यासारखे पाय उघडमीट करायचे. खुब्याला काही फरक नाही. मोजा घालायला दहा मिनिटं, बुटाला पाच. ड्राइव्हवेवरचं बर्फ हेच उपसायचे आणि मी खिडकीतून सूचना द्यायचे. इकडे सुरेखाला माझ्या दुखण्याची बातमी कळली. आपणच हिला जमिनीवर बसवलं, हे त्या माउलीच्या मनाला असं लागलं की दर शुक्रवारी डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर. डोळ्यांत पाणी. मी लाडू घ्यायचे (उत्तम होते, खोटं कशाला सांगू) आणि नजर चुकवायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. जानेवारीत कार्यकारिणीने ठराव केला की सभासद भगिनींच्या सांध्यांचा विचार करता यापुढे हातवळणीचे मोदक बंद, ब्रॅम्पटनहून फ्रोझन आणावेत. मंडळात उभी फूट पडली. अर्धे म्हणाले बाप्पाला फ्रोझन दाखवणार का, अर्धे म्हणाले आधी वनिताताईंकडे बघा. आणि ठरावाचं इतिवृत्त लिहिलं कोणी? चिटणीस या नात्याने आपल्या बंधुराजांनी! सगळं ठाऊक असून, वळणदार अक्षरात. लिहिताना एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हे नुसतं बघतात तेव्हा बोलले असते तर बरं, असं वाटतं.

मार्चमध्ये एक्स-रे आला. जाईने तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “मावशी, मोदकांनी असं होत नाही. तुम्ही नक्की करता काय?” तेव्हा मात्र सांगून टाकलं. तिने व्हिडिओ मागितला, दोनदा पाहिला. “ओ माय गॉड मावशी, धिस इज यू?” त्या पोरीच्या तोंडावरचं कौतुक पाहून मला इतकं भरून आलं की सहा महिन्यांत पहिल्यांदा रडले. पाडव्याला सुरेखाचीही माफी मागितली. ती मग म्हणाली, लाडू परत कर. ते शक्य नव्हतं, म्हणून शिक्षा ठरली की येत्या गणपतीत सगळी उकड मी मळायची, खुर्चीवर बसून. ठराव रद्द झाला.

खुबा मात्र रद्दच झाला आहे. अकरा ऑगस्टला ऑपरेशन, नवा सांधा. चालता येईल, पोहता येईल, सायकलसुद्धा. एका स्कीचं विचारलं तेव्हा सर्जनने नकारार्थी मान हलवली. म्हणजे जे काय आहे ते हा जुलै. मी ह्यांना म्हटलं, एकदाच, हळू, सरळ रेषेत, गोळ्यांच्या वाटेला न जाता. तर म्हणतात कसे, मंडळाच्या दप्तरी तुझा खुबा मोदकांनी गेला आहे, त्यात स्कीचा उल्लेख नाही, तेव्हा तळ्याशी तुझा संबंध काय? विनोद करतात आणि खोलीतून निघून जातात.

मी दर मंगळवारी एकटीच गाडी काढून तळ्यावर जाते. धक्क्यावर बसते. दुसरे लोक फेऱ्या मारतात. स्कीने पाणी कापल्याचा आवाज येतो, ओल्या दोरीचा आणि पेट्रोलचा वास येतो, आणि माझ्या हातांच्या आपोआप मुठी वळतात. वन्सं, बोट ओढते आणि आपण पाण्यातून उभे राहतो ना, त्या क्षणी अंगाला वजन म्हणून राहत नाही. वय नाही, खुबा नाही, कुठल्या देशातून कुठल्या देशात आलो ते नाही. मला त्याची फार फार आठवण येते. घरात असून घरची आठवण यावी तशी. आमची बोट तिथेच ताडपत्रीखाली आहे. तिच्याकडे बघायचं टाळते.

असो. म्हातारपणी हे चालायचंच. माझं काही मागणं नाही, सहज मन मोकळं केलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा आणि उन्हात गॉगलशिवाय निघू नका.

तुमची,
वनिता

ता. क. मागणं आहे. बोटीची चावी ह्यांनी तांदळाच्या डब्यात लपवली आहे. मी रोज भात लावते, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. पण चावी असून उपयोग काय, बोट चालवायला तेच हवेत. तुमचा शब्द त्यांनी जन्मात मोडलेला नाही. एका रविवारी फोन करा आणि दटावून सांगा, रवी, तिला एक फेरी मारू दे.

ता. क. २. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. काल जेवताना मी ह्यांना सरळच विचारलं, भीती कसली वाटते? बोटीला चालवणाऱ्यासमोर आरसा असतो, मागचा माणूस दिसावा म्हणून. हे म्हणाले, अठ्ठावीस वर्षं मी त्या आरशात तुला बघत आलो. त्या दिवशी बघितलं तर तू नव्हतीस, नुसतं पाणी होतं. एवढं बोलले आणि ताट घेऊन उठले. वन्सं, मला वाटत होतं मला पाण्याची आठवण येते. खरं म्हणजे त्या आरशातल्या दोन डोळ्यांची येते. तेव्हा आधीचं मागणं रद्द समजा. त्यांना एवढंच सांगा की वनिताला शेजारी बसवून बोटीची एक फेरी मार. आरशात नुसतं पाणी दिसेल आणि मी शेजारी असेन, हे त्यांना एकदा बघू दे. मी दोरीला हात लावणार नाही.

ता. क. ३. स्की मात्र मी डिकीत ठेवणार आहे. हे त्यांना सांगू नका.