कोपऱ्यातलं बटण

लोणार,
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मंजुश्रीस,
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, आमच्या शाळेतील संगणकावर घोर अन्याय झाला असून दाद कुठे मागावी हे कळेनासं झालं आहे. तू वडनेरात ई-सेवा केंद्र चालवतेस, म्हणजे या खात्याचं आमच्या ओळखीतलं न्यायालय तूच. शनिवारी शाळा सुटताना पडद्यावर ‘बंद करू नका’ अशी पाटी झळकली. आज उघडून पाहतो तो नवी आवृत्ती! जे बटण दाबून सगळ्याचा आरंभ होतो, ते इतकी वर्षं डाव्या कोपऱ्यात सुखाने नांदत होतं. त्याला कोणीतरी उचलून मधोमध आणून बसवलं आहे. त्याचा अपराध काय, ते कुठेही लिहिलेलं नाही.

शिक्षकखोलीत यावर शास्त्रार्थ झाला. पूर्वपक्ष भगवानरावांचा. गणिताचे असल्याने त्यांना नवं ते सगळं सिद्धच वाटतं. त्यांचं म्हणणं, जुन्या आवृत्तीला आता कोणी वाली उरलेला नाही, नवी सुरक्षित आहे. शिवाय आपण बोललेलं ती टाइप करते आणि टाइप केलेलं वाचून दाखवते. मी म्हटलं, लिहिणं-वाचणं दोन्ही यंत्राने केल्यावर संस्कृतच्या मास्तराने चहा तेवढा प्यायचा. पुष्पाबाई मराठी शिकवतात. त्यांना खिडक्यांचे गोल कोपरे फार गोड वाटले. शेवटी भगवानरावांनी विचारलं, की सर, त्या कोपऱ्यात तुमचं एवढं काय गाडलेलं आहे? मी उत्तरपक्ष मांडला. कोपरा बघावा लागत नाही. माऊस खाली डावीकडे ढकलला, की जिथे अडतो तिथे बटण. मधलं बटण मात्र शोधावं लागतं. भगवानराव खडू घेऊन तासाला निघून गेले. मी ती हार समजलो.

आणखी एक. गोल कोपऱ्यांचं एक वेळ सोडून देऊ, पण मजकुराच्या मधल्या ओळी लाटेसारख्या काऊन केल्या? अक्षरंही फिकट. पुष्पाबाईंना म्हणे तशा दिसत नाहीत. सौंदर्यदृष्टी असणाऱ्यांना दोष दिसत नाहीत, हे ठीकच.

तुझी वहिनी रुख्मिणी मजेत. माझी साखर आटोक्यात आहे असं माझं मत आहे, तिचं नाही. तू फोन कर म्हणतेस, पण बीबी गावच्या पोस्टमनची लेकरं आपण; पत्र सोडून फोनला लागलो तर बाबांची सायकल उगाच झिजली म्हणायची.

लोभ आहे तसाच चालू द्यावा, त्याची नवी आवृत्ती काढू नये.
तुझा दादा,
पंजाबराव


वडनेर भोलजी,
११ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

न्यायालयाचा निकाल असा: खालच्या पट्टीवर माऊसचं उजवं बटण दाब, सेटिंग उघड, तिथे ‘डावीकडे’ निवड. तुझं बटण वनवासातून घरी. माझ्याकडेही तीच भांडणं. चांगुणामावशी पेन्शनच्या कामासाठी आल्या, पडदा पाहिला आणि म्हणाल्या, की माय, मी दुसऱ्याच दुकानात शिरली वाटते. एकजण रोज येऊन जुनं परत लाव म्हणून माझ्या डोक्यावर बसतो. आवाजानं टाइप होतं म्हटल्यावर मात्र सगळ्यांनाच एकदा बोलून पाहायचं असतं. काहीही बोला म्हटलं, तरी सगळे आपलं नावच बोलतात.

पण दादा, तुझं पत्र वाचून ठेवलं आणि पुन्हा काढलं. माझ्या चारही संगणकांवर हीच आवृत्ती आहे. एकावरही ओळी लाटेसारख्या नाहीत. अशी सोय कोणी केलेलीच नाही. आणि कोपरा बघावा लागत नाही, हे तू भगवानरावांना हरवायला लिहिलंस. मी मात्र तिथेच अडकले. न बघता काम करायची वेळ तुझ्यावर कधीपासून आली? अक्षर रेघेला टांगलं नाही म्हणून माझे मार्क कापणारा तू. तुझ्या या पत्रातल्या ओळी उजवीकडे उतारावर निघाल्या आहेत.

माझ्या सासूबाईंचं तुला माहीत आहे. त्या म्हणायच्या, दाराची चौकट वाकली. आम्ही म्हटलं, घर जुनं झालं. सुतार बोलावून दाखवला. त्याने गुण्या लावला, चौकट सरळ निघाली, आम्ही हसलो. डॉक्टरकडे नेलं तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांतली मधली नजर गेली होती. त्यांनाही साखरच होती. वेळेत आणलं असतं तर वाचवता आलं असतं, असं डॉक्टर बोलले. सासूबाई नातवाला आता आवाजावरून ओळखतात.

सोबत गणिताच्या वहीचं चौकटीचं पान आहे. मधोमध मी ठिपका काढला आहे. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघ, मग दुसरा झाकून बघ. चौकटी सरळ दिसतात का, तेवढंच कळव. श्लोक नको, शास्त्रार्थ नको.

माया राहू द्यावी, आणि उत्तर लवकर द्यावं.
तुझी,
मंजू


लोणार,
१७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मंजुश्रीस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे बटण स्वगृही परतलं. भगवानरावांनी ते पाहून प्रगतीच्या मार्गात मी धोंडा टाकला असं जाहीर केलं आणि आपलं मधेच ठेवलं. आता एकाच शाळेत दोन संप्रदाय आहेत. पुष्पाबाई दोन्हीकडच्या चहाला जातात.

चौकटीचं पान पोचलं. भगवानरावांनी त्यावर माझ्याशी फुल्ली-गोळा मांडला, त्यामुळे तो वैज्ञानिक प्रयोग अपुराच राहिला. फुल्ल्या त्यांच्या होत्या, जिंकलेही तेच.

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. दोष उजेडाचा आहे; आमच्याकडे आभाळ आठवडाभर उघडलेलं नाही. काल दहावीला अख्खा पाठ शिकवला, पुस्तक हातात होतं, एका अक्षराची चूक नाही. हजेरीच्या वेळी तेवढा घोटाळा झाला. पहिल्याच बाकावरच्या मुलीला मी गैरहजर मांडलं. ती म्हणाली, मी तर तुमच्याकडेच पाहत होते. अलीकडची मुलं बोलतातही फार हळू. वर्ग हसला, मीही हसलो.

डॉक्टरांचं दिवाळीच्या सुट्टीत बघू. तोवर शाळा बुडवणं शोभत नाही.

लोभ असो, काळजी नसो.
तुझा दादा,
पंजाबराव


वडनेर भोलजी,
२५ ऑगस्ट २०२५

दादा,
जयभीम.

हे पत्र मेलनं पाठवते आहे. बाबा असते तर माझ्याशी बोलले नसते. पण पोस्टाची वाट पाहण्याएवढा वेळ तुझ्या डोळ्याजवळ नाही.

दहावीचं पुस्तक हातात होतं म्हणे! ते पुस्तक तुले पाठ आहे. मायनं दिवा विझवला तरी तुझा अभ्यास चालूच राहायचा. पंजाबला पुस्तक फक्त वारा घ्यायला लागते, असं बाबा सगळ्या बीबीत सांगत फिरायचे. म्हणूनच शाळेत कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसरा कोणी मास्तर असता तर पहिल्याच पानाले अडला असता, पोरांनी घरी जाऊन सांगितलं असतं. तुझ्या पाठांतरानं तुले झाकून ठेवलं, दादा. आणि ती पोरगी हळू बोलली नाही. ती तुझ्यासमोर बसली होती.

पोळ्याले आला नाहीस. संध्याकाळच्या बसमधून उतरून आमच्या गल्लीपर्यंत एकट्यानं यायचं होतं, म्हणून नाही आलास. आता हे लपवू नको.

ज्याची थट्टा केलीस ते वाचून दाखवायचं बटण दाब आणि माझं हे पत्र त्याच्याकडून ऐक. मग खरं काय ते कळव. थट्टा केलीस तर मी उत्तर देणार नाही, सरळ गाडीत बसीन.

मंजू


लोणार,
२६ ऑगस्ट २०२५

चि. मंजू,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

हे पत्र लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. शाळा सुटली, खोलीत मी आणि नवी आवृत्ती दोघंच आहोत. मी बोलतो, ती टाइप करते. भगवानरावांना सांगू नकोस.

तुझं पत्र हिनंच वाचून दाखवलं. आवाज कुठल्याशा शहरातल्या बाईचा. तुझ्या रागाला तिने छान इस्त्री केली होती, तरी तो कळला. मी पुन्हा वाचायला लावलं.

चौकटीचं पान ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी पाहिलं होतं. उजव्या डोळ्याला ठिपक्याजवळच्या चौकटी एकमेकींत वितळतात. डाव्या डोळ्याला ठिपकाच नाही. मग मीच तो कागद भगवानरावांपुढे सरकवला आणि म्हटलं, मांडा डाव.

जुलैत शाळेच्या प्रिंटरची शाई आणायला बुलढाण्याला गेलो होतो, असं घरी सांगितलं. शाई आणलीही. पण आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे बसलो होतो. ते म्हणाले, साखरेनं डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज आली आहे, आत रक्त उतरतं आहे. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जे गेलं ते परत येईल असा शब्द देत नाही, उरलं आहे ते राखता येईल. पण उशीर करू नका. मी म्हटलं, घरी विचारून येतो. घरी कोणालाच विचारलं नाही. काही दिवसांनी नवी आवृत्ती आली आणि मला भांडायला एक बटण मिळालं.

मनाची समजूत घातली होती, की आपलं काय जाणार आहे? अमरकोश डोक्यात आहे, व्याकरण डोक्यात आहे, कपाट जळालं तरी वर्ग चालेल. पण मंजू, चेहरे मी कधी पाठच केले नाहीत. रोज समोर होते, पाठ करायचं सुचलंच नाही.

आता पुस्तकी बोलणं राहू दे. ही बाई आपलं घरचं बोलणंही टाइप करून राह्यली, तर तसंच सांगतो. रुख्मिणी समोर जेवाले बसते. तिच्या कानातले दिसते, पदर दिसते, ताट दिसते. मधात ती नाही दिसत. कोपरे सारे जागच्या जागी आहेत, मधलंच गेलं. मी जरा बाजूले पाहतो, तवा तिचा चेहरा काठावर येते. ती इचारते, माह्याकडं काऊन पाहत नाही? मी म्हणतो, पाहूनच तं राह्यलो.

तिले अजून सांगितलं नाही. शुक्रवारी ये. आधी तिच्याजवळ बस, मग मले डॉक्टरकडं ने. इंजेक्शनाचं काही नाही, ते घेईन. पण ह्याच डोळ्याइन तिले अजून पाह्याचं हाय, अन् तेवढं उरते की नाही त्याचं मले भेव वाटते.

तुझा दादा